ट्रक कोण चालवतो, एवढाच प्रश्न नाही

फ्लोरिडा टर्नपाइक या महामार्गावर, फोर्ट पिअर्स शहराजवळ, १२ ऑगस्ट २०२५ रोजी एक अवजड ट्रक केवळ अधिकृत वाहनांसाठी राखून ठेवलेल्या दुभाजकातील मोकळ्या जागेतून उलट दिशेला वळू लागला. त्याचा लांबलचक ट्रेलर महामार्गावर आडवा झाला. मागून येणारी मिनीव्हॅन त्या ट्रेलरच्या बाजूवर आदळली आणि त्याखाली शिरली. मिनीव्हॅनमधील तिघेही मरण पावले. ट्रकच्या केबिनमधील कॅमेऱ्याने टिपलेले हे दृश्य पुढच्या काही दिवसांत समाजमाध्यमांवर सर्वत्र फिरले. चालक भारतातून आलेला आहे, त्याने बेकायदेशीरपणे सीमा ओलांडल्याचा आरोप आहे आणि अपघातानंतर घेतलेल्या चाचणीत त्याला रस्त्यावरील चार चिन्हांपैकी एकच ओळखता आले, असे केंद्रीय परिवहन खात्याने जाहीर केल्यावर चर्चेला वेगळेच वळण लागले.

अपघातानंतर नऊ दिवसांनी परराष्ट्रमंत्री मार्को रुबिओ यांनी परदेशी ट्रकचालकांना कामाचे व्हिसा देणे तात्काळ थांबवल्याची घोषणा केली. सप्टेंबरच्या अखेरीस परिवहनमंत्री शॉन डफी यांनी परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या व्यावसायिक चालक परवान्यांवर कडक निर्बंध आणले आणि त्यावरून न्यायालयीन वादही सुरू झाले. दरम्यान पगडीधारी चालकांना ट्रकथांब्यांवर अपमान आणि टोमणे सहन करावे लागत असल्याच्या तक्रारी शीख संघटनांनी मांडल्या. भारतीय समाजातही दोन सूर उमटले. काहींनी चालकाची बाजू घेतली, तर काहींनी ‘हा आपल्यातला नव्हे’ म्हणून हात झटकले.

संबंधित चालकाच्या दोषाचा निवाडा न्यायालय करील. तेथे वळणे बेकायदेशीर होते, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. मात्र त्याच चित्रफितीत आणखी एक प्रश्न डोळ्यांसमोर असूनही जवळपास कोणी विचारला नाही: मिनीव्हॅन ट्रेलरखाली शिरलीच कशी? ‘ट्रक कोण चालवत होता’ या प्रश्नाचे उत्तर मिळाले की आपण समाधानाने पुढे जातो. पण अमेरिकेच्या रस्त्यांवर ट्रक आणि मोटार यांच्या टकरीत माणसे का मरतात, याचे उत्तर चालकाच्या पारपत्रात सापडत नाही. ते वजनात, अंतरात, झोपेत आणि ट्रेलरच्या रचनेत शोधावे लागते. रोज या महामार्गांवरून कामाला जाणाऱ्या, मुलांना शाळेत सोडणाऱ्या आणि सुट्टीत शेकडो मैलांचा प्रवास करणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी हा प्रश्न दूरचा नाही.

मरणारे बहुतेक मोटारीतले

राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या नोंदीनुसार २०२३ मध्ये अवजड ट्रकचा संबंध असलेल्या अपघातांत अमेरिकेत ५,४७२ जण मरण पावले. त्यांपैकी सुमारे ७० टक्के लोक ट्रकमध्ये नव्हते. ते दुसऱ्या वाहनांत बसलेले होते. पादचारी आणि सायकलस्वार यांची त्यात भर घातली, तर ट्रकमध्ये बसून मरणाऱ्यांचा वाटा पाचात एकाहूनही कमी उरतो.

या आकड्यावरून ट्रकचालकच दोषी असतात असा निष्कर्ष निघत नाही. ट्रक अपघातांच्या कारणांचा सर्वांत मोठा अभ्यास केंद्र सरकारने २००१ ते २००३ या काळात केला. माणसे दगावलेल्या किंवा जखमी झालेल्या ९६३ अपघातांची त्यात घटनास्थळापासून छाननी करण्यात आली. एक ट्रक आणि एक मोटार यांच्यात झालेल्या टकरींपैकी ४४ टक्के प्रकरणांत अपघाताला निर्णायक ठरलेली कृती ट्रककडून घडली होती, तर ५६ टक्के प्रकरणांत ती मोटारीकडून घडली होती. हा अभ्यास आता जुना झाला आहे आणि ‘निर्णायक कृती’ म्हणजे कायद्याच्या अर्थाने अपराध नव्हे, ही मर्यादाही लक्षात ठेवावी लागते. तरीही चूक दोन्ही बाजूंची आणि मरण बहुतांशी एका बाजूचे, हे वास्तव त्यातून स्पष्ट होते. त्यामुळे स्वतःच्या जिवाच्या दृष्टीने पाहिले तरी ट्रकचे गणित समजून घेण्याची अधिक गरज मोटार चालवणाऱ्याला आहे.

पुढची मोकळी जागा म्हणजे ट्रकचा ब्रेक

हे गणित वजनापासून सुरू होते. केंद्रीय कायद्यानुसार आंतरराज्य महामार्गांवर पूर्ण भरलेल्या ट्रकचे वजन ८०,००० पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे ३६ टनांपर्यंत असू शकते. साधारण मोटार ४,००० पौंडांच्या आसपास असते. वीसपट वजनाचे वाहन त्याच वेगाने धावत असताना त्याला थांबवण्यासाठी लागणारे अंतर बरेच वाढते. ताशी ६५ मैल वेगाने जाणारी मोटार कोरड्या रस्त्यावर सुमारे ३१६ फुटांत थांबते, तर त्याच वेगाने जाणाऱ्या भरलेल्या ट्रकला सुमारे ५२५ फूट लागतात, असे वाहतूक सुरक्षेच्या प्रशिक्षणात सांगितले जाते. रस्ता ओला असेल, उतार असेल किंवा ब्रेकची निगा नीट राखलेली नसेल, तर हा आकडा आणखी वाढतो.

म्हणूनच प्रशिक्षित ट्रकचालक पुढच्या वाहनापासून वेळेच्या हिशेबाने अंतर राखतो. वाहनाच्या प्रत्येक १० फूट लांबीमागे एक सेकंद आणि ताशी ४० मैलांहून अधिक वेग असल्यास आणखी एक सेकंद, असा नियम त्याला शिकवला जातो. ६० फुटी ट्रकला त्या हिशेबाने सात सेकंद सोडावे लागतात. ताशी ६५ मैल वेगाने सात सेकंदांत साडेसहाशे फुटांहून अधिक अंतर कापले जाते. गर्दीच्या वेळी मोटार चालवणाऱ्याला ट्रकपुढचा हा रिकामा पट्टा म्हणजे चालून आलेली संधी वाटते. तो इंडिकेटर देतो, कधी देतही नाही, आणि ट्रकच्या तोंडासमोर शिरतो. त्या क्षणी ट्रकला थांबण्यासाठी उपलब्ध असलेले अंतर निम्म्याहून कमी झालेले असते. ट्रकचालक वेग कमी करून पुन्हा अंतर निर्माण करतो, तोच दुसरी मोटार त्यात घुसते. दिवसभरात हे शेकडो वेळा घडते. पुढे अचानक वाहतूक थबकली, तर ट्रकचालकाने कितीही जोरात ब्रेक दाबला तरी भौतिकशास्त्राचा नियम बदलत नाही. त्यानंतरच्या बातमीत ‘ट्रकने मोटारीला मागून धडक दिली’ एवढेच छापून येते.

भारतात लागलेली सवय

महाराष्ट्रात वाहन चालवायला शिकून अमेरिकेत आलेल्यांच्या बाबतीत आणखी एक धोका संभवतो. भारतात ट्रकच्या मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिलेले असे. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ही अक्षरे लिहिण्यास मनाई केली, तरी त्यामागची पद्धत कायम राहिली: मागच्याने हॉर्न वाजवून आपले अस्तित्व कळवायचे आणि पुढच्याने आवाजावरून अंदाज घ्यायचा. अमेरिकेत वाहतूक हॉर्नवर चालत नाही, आरशांवर चालते. ट्रकचालकाला जे आरशात दिसत नाही, ते त्याच्यासाठी नसल्यात जमा असते.

आरशात न दिसणारे हे ‘ब्लाइंड स्पॉट’ आपल्या समजुतीपेक्षा फार मोठे असतात. केंद्रीय यंत्रणेच्या मार्गदर्शनानुसार ट्रकच्या पुढचे सुमारे २० फूट आणि मागचे सुमारे ३० फूट चालकाला दिसत नाहीत. डावीकडे एका मार्गिकेइतका, तर उजवीकडे दोन मार्गिकांइतका पट्टा त्याच्या नजरेआड राहतो. अमेरिकेत चालक डाव्या बाजूला बसतो, म्हणून उजवी बाजू सर्वाधिक धोक्याची. नेमकी तिथेच आपली जुनी सवय आडवी येते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर ट्रक उजवी मार्गिका अडवून संथपणे चालतात आणि मोटारी नाइलाजाने डावीकडून पुढे जातात, हा अनुभव सर्वांच्या परिचयाचा आहे. ‘जिकडे जागा, तिकडून पुढे’ ही सवय अंगवळणी पडलेला माणूस अमेरिकेत ट्रकच्या उजवीकडून निर्धास्तपणे पुढे जातो, तेव्हा तो ट्रकच्या सर्वांत मोठ्या ब्लाइंड स्पॉटमधून प्रवास करत असतो. शहरातील चौकात तर ट्रक उजवीकडे वळण्यापूर्वी डावीकडे सरकतो, कारण मागचा ट्रेलर आतल्या बाजूने वळतो. उजवीकडे निर्माण झालेली ती जागा कोणी आपल्यासाठी सोडलेली नसते. तिथे शिरलेली मोटार ट्रेलर आणि पदपथ यांच्यामध्ये चिरडली जाते.

ट्रेलरची उघडी बाजू

आता फ्लोरिडातील त्या प्रश्नाकडे येऊ. ट्रेलरचा तळ जमिनीपासून साधारण मोटारीच्या बॉनेटच्या वर असतो. मोटार ट्रेलरवर आदळते तेव्हा तिचा पुढचा भाग खालून निघून जातो आणि ट्रेलरची कड थेट काचेवर, माणसांच्या डोक्याच्या उंचीवर येते. एअरबॅग, सीट बेल्ट आणि धक्का शोषून घेणारी पुढची रचना ही आधुनिक मोटारीतील सारी संरक्षक साधने पुढून टक्कर होईल या गृहीतावर आधारलेली आहेत. टक्करच काचेपासून सुरू झाली, तर ती बहुतांशी निरुपयोगी ठरतात.

अमेरिकेला हा धोका पहिल्यांदा ठळकपणे कळला तो एका प्रसिद्ध व्यक्तीच्या मृत्यूमुळे. हॉलीवूडची अभिनेत्री जेन मॅन्सफिल्ड हिची मोटार २९ जून १९६७ रोजी लुइझियानात ट्रेलरच्या मागच्या बाजूवर आदळून खाली शिरली. पुढे बसलेले तिघेही जण मरण पावले; मागे असलेली तिची तीन मुले वाचली. ट्रेलरच्या मागे आडवा लावलेला लोखंडी अडसर आजही ‘मॅन्सफिल्ड बार’ म्हणून ओळखला जातो. परंतु त्या अडसराने किती धक्का सोसावा, याचा सक्षम केंद्रीय नियम १९९८ पासून बनणाऱ्या ट्रेलरांना लागू झाला. म्हणजे त्या अपघातानंतर तीन दशके लोटली होती. तो आणखी कडक करण्यासाठी २०२२ उजाडले.

हे झाले मागच्या बाजूचे. बाजूने शिरणाऱ्या मोटारीला रोखणारा अडसर अमेरिकेत आजही सक्तीचा नाही. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१४ मध्ये त्याची शिफारस केली होती. फ्लोरिडातच विलिस्टन येथे मे २०१६ मध्ये आणि डेलरे बीच येथे मार्च २०१९ मध्ये स्वयंचलित यंत्रणेवर चालणाऱ्या टेस्ला मोटारी रस्त्यावर आडव्या आलेल्या ट्रेलरच्या बाजूखालून आरपार गेल्या आणि दोन्ही चालक दगावले. रस्त्यावर आडवा असलेला ट्रेलर मोटारीच्या कॅमेऱ्यांनाही ओळखता आला नाही. आपल्या समाजात या मोटारी मोठ्या संख्येने आहेत, म्हणून ही नोंद विशेष महत्त्वाची.

अडसर बसवण्याच्या खर्चाचा वाद खरा आहे. वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २०२३ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार बाजूचे अडसर सक्तीचे केल्यास वर्षाला सतराच्या आसपास जीव वाचतील आणि खर्च वर्षाला एक अब्ज डॉलरच्या घरात जाईल. विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेचा अंदाज मात्र वर्षाला १५९ ते २१७ जीव वाचतील असा आहे. एकाच देशातील दोन तज्ज्ञ संस्थांच्या अंदाजांत दहापट फरक कसा? एक कारण नोंदींमध्ये आहे. पोलिसांच्या अहवालात मोटार ट्रेलरखाली शिरल्याची नोंद अनेकदा होतच नाही, असे संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१९ मध्ये दाखवून दिले होते. जे मोजलेच जात नाही, त्यावरचा खर्च नेहमीच अवाजवी दिसतो.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगायला हवी. आजवरच्या चाचण्यांत हे अडसर ताशी ३५ ते ४० मैल वेगाच्या टकरीत यशस्वी ठरले आहेत. महामार्गावरील पूर्ण वेगात फोर्ट पिअर्सचे तिघे जण अडसरामुळे वाचलेच असते, असे कोणी ठामपणे म्हणू शकणार नाही. पण शेवटच्या क्षणी ब्रेक दाबून वेग निम्म्यावर आणलेल्या मोटारीत जगणे आणि मरणे यांत हाच अडसर फरक करतो. युरोपात ट्रकला बाजूचे संरक्षक कठडे अनेक दशकांपासून बंधनकारक आहेत. भारताच्या मोटार वाहन नियमांतही त्यांची तरतूद आहे, अंमलबजावणी कितीही ढिली असली तरी. दोन्हीकडचे हे कठडे मुख्यतः पादचारी आणि दुचाकीस्वार यांच्यासाठी आहेत, मोटारीसाठी नव्हेत. तरी ट्रेलरची बाजू उघडी सोडू नये एवढे तत्त्व तेथे मान्य झालेले आहे.

झोप, घड्याळ आणि मैल

न्यू जर्सी टर्नपाइकवरील ‘८ए’ हा क्रमांक मध्य जर्सीतील मराठी कुटुंबांना तोंडपाठ असतो. क्रॅनबरी, मनरो, प्लेन्सबरो या परिसरात येण्याजाण्याची ही वाट. याच परिसरात पूर्व किनाऱ्यावरील गोदामांचे एक प्रचंड जाळे उभे आहे. संध्याकाळी मागवलेली वस्तू सकाळी दारात येते, ती अशाच गोदामांतून. म्हणून या वाटेवर ट्रकांची रीघ असते.

येथून जवळच ७ जून २०१४ च्या पहाटे वॉलमार्टचा ट्रक रस्तेकामामुळे संथ झालेल्या वाहतुकीत एका लिमोझिन व्हॅनवर मागून आदळला. विनोदी कलावंत ट्रेसी मॉर्गन गंभीर जखमी झाले आणि त्यांचे सहकारी जेम्स मॅकनेअर मरण पावले. गतिमर्यादा ताशी ४५ मैलांवर आणलेली असताना ट्रक ६५ मैल वेगाने जात होता. चौकशीत निष्पन्न झाले की चालक २८ तासांहून अधिक काळ जागा होता. जॉर्जियातील घरापासून डेलावेअरमधील कामाच्या ठिकाणापर्यंत तो रात्रभर स्वतःची गाडी चालवत आला होता आणि लगेच कामावर रुजू झाला होता. कायदा ट्रकवरील तास मोजतो. त्याआधीची झोप मोजत नाही.

कायद्याचे तास असे आहेत: सलग दहा तास विश्रांती घेतल्यावर चालक १४ तासांच्या कालावधीत जास्तीत जास्त ११ तास ट्रक चालवू शकतो. डिसेंबर २०१७ पासून हे तास इलेक्ट्रॉनिक यंत्रावर नोंदवणे बंधनकारक झाले. त्यामुळे जुन्या वह्यांतील खोट्या नोंदींना आळा बसला, हे निर्विवाद. परंतु बहुतेक लांब पल्ल्याच्या चालकांना मोबदला मैलांवर मिळतो. गोदामाच्या दारात माल उतरण्याची चार तास वाट पाहिली, तर घड्याळ चालू राहते. पैसे मात्र अनेकदा मिळत नाहीत. उरलेल्या वेळात गमावलेले मैल भरून काढण्याचा मोह होतो. जादा तासांसाठी दीडपट मजुरी देणाऱ्या १९३८ च्या कामगार कायद्यातून आंतरराज्य ट्रकचालक सुरुवातीपासूनच वगळलेले आहेत. दमलेला चालक हा केवळ बेजबाबदार माणूस नसतो. त्याला दमवणारी वेतनपद्धतीही असते.

तास संपले की थांबावेच लागते, आणि थांबायला जागा नसते. सुरक्षित जागेच्या अभावी बंद पडलेल्या पेट्रोल पंपावर ट्रक उभा केलेल्या एका चालकाचा २००९ मध्ये दक्षिण कॅरोलायनात खून झाला. त्याच्या पत्नीने केलेल्या पाठपुराव्यातून २०१२ मध्ये ‘जेसन्स लॉ’ हा कायदा झाला आणि ट्रकथांब्यांचा प्रश्न राष्ट्रीय पातळीवर मान्य झाला. तरीही आजही रात्री महामार्गाच्या जोडरस्त्यांच्या कडेला ट्रकांच्या रांगा दिसतात. जुलै २०२३ मध्ये इलिनॉयमध्ये विश्रांती थांब्याच्या जोडरस्त्याकडेला उभ्या असलेल्या अशाच तीन ट्रकांवर ग्रेहाउंड कंपनीची बस आदळली आणि तीन प्रवासी मरण पावले.

न्यू जर्सीने या प्रश्नाचे एक उत्तर रस्त्याच्या रचनेतच शोधले आहे. टर्नपाइकच्या मोठ्या पट्ट्यात प्रत्येक दिशेला दोन स्वतंत्र रस्ते आहेत: आतला फक्त मोटारींसाठी आणि बाहेरचा ट्रक, बस व मोटारी या सर्वांसाठी. २०१४ च्या अखेरीस ही रचना दक्षिणेकडे सहाव्या निर्गमनापर्यंत वाढवण्यात आली. ज्यांना हा पर्याय उपलब्ध आहे त्यांनी तो वापरावा. पण अशी जमीन आणि असा पैसा सगळीकडे मिळणार नाही, हेही खरे.

दोन उतार

डेन्व्हरजवळ, रॉकी पर्वतातून उतरणाऱ्या आय-७० महामार्गावर २५ एप्रिल २०१९ रोजी लाकूड वाहून नेणाऱ्या एका ट्रकचे ब्रेक निकामी झाले. अनियंत्रित ट्रकसाठी बांधलेली बचाव-चढण वाटेत होती, पण तरुण चालकाने ती घेतली नाही. पुढे थांबलेल्या वाहनांवर ट्रक आदळला आणि चौघे मरण पावले. हा चालकही स्थलांतरित होता. डिसेंबर २०२१ मध्ये त्याला सक्तीच्या किमान शिक्षांच्या बेरजेने ११० वर्षांचा तुरुंगवास सुनावण्यात आला. देशभर संताप उसळला आणि त्याच महिन्यात गव्हर्नर जॅरेड पोलिस यांनी ती शिक्षा दहा वर्षांवर आणली. ११० आणि १० या दोन आकड्यांवर अमेरिकेत खूप वाद झाला. पर्वतात ट्रक उतरवण्याचा अनुभव नसलेल्या तरुणाला त्या वाटेवर कोणी धाडले आणि त्याचे ब्रेक शेवटचे कोणी तपासले, यावर त्या मानाने फारच कमी बोलले गेले.

पुणेकरांना ही कथा ओळखीची वाटेल. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर २० नोव्हेंबर २०२२ रोजी एका मालवाहू वाहनाने ४८ वाहनांना ठोकरले. त्याच परिसरात १३ नोव्हेंबर २०२५ रोजी कंटेनरने वाहने चिरडली, आग लागली आणि आठ जणांचा बळी गेला. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकण्याची सवय, सतत दाबून तापलेले ब्रेक आणि उताराच्या टोकाशी दाटलेली शहरी वाहतूक ही कारणे प्रत्येक अपघातानंतर सांगितली जातात. तापलेला ब्रेक कॉलोराडोत आणि कात्रजला सारख्याच कारणाने निकामी होतो. त्याला चालकाची भाषा कळत नाही. वर उल्लेखलेल्या ९६३ अपघातांच्या अभ्यासातही सुमारे २९ टक्के ट्रकांत ब्रेकमधील दोष आढळला होता.

जूनचा शेवटचा आठवडा

या पार्श्वभूमीवर सरकारचे प्राधान्यक्रम पाहावेत. २५ जून २०२५ पासून इंग्रजीचे पुरेसे ज्ञान नसलेल्या चालकाला जागीच सेवेबाहेर काढण्याचा नियम पुन्हा कडकपणे लागू झाला. ट्रकचालकाला फलक वाचता यावेत आणि अधिकाऱ्याचे म्हणणे समजावे, ही अपेक्षा रास्तच आहे; ती नियमावलीत अनेक दशकांपासून होती. परंतु त्यानंतर दोनच दिवसांनी परिवहन खात्याने ट्रकच्या वेगावर यांत्रिक मर्यादा घालण्याचा २०१६ पासून रेंगाळलेला प्रस्ताव मागे घेत असल्याचे जाहीर केले. युरोपात अवजड ट्रक ताशी ९० किलोमीटरच्या, म्हणजे सुमारे ५६ मैलांच्या पुढे जाऊच नये अशी यंत्रणा १९९० च्या दशकापासून बसवली जाते.

प्रस्तावाला विरोध करणाऱ्या स्वतंत्र ट्रकचालकांच्या संघटनेचा मुद्दा असा की, मोटारी ताशी ७५ मैल वेगाने आणि ट्रक ६० मैल वेगाने धावू लागले तर वेगांतील तफावतच अपघात घडवील. हा आक्षेप विचार करण्याजोगा आहे. पण मग अचानक अडथळा येताच आपोआप ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेला काय हरकत आहे? युरोपात नव्या अवजड ट्रकांना ती २०१० च्या दशकातच सक्तीची झाली. अमेरिकेत तिचा प्रस्ताव २०२३ मध्ये मांडला गेला आणि तेव्हापासून रेंगाळत राहिला. न्यू जर्सीतील २०१४ च्या धडकेसारख्या, मागून बसणाऱ्या धडका रोखण्यासाठीच ही यंत्रणा असते.

भाषेच्या चाचणीचा भार एकट्या चालकावर पडतो. वेगमर्यादक, स्वयंचलित ब्रेक, बाजूचे अडसर, प्रतीक्षेच्या तासांचे वेतन आणि थांबण्याच्या जागा यांचा खर्च उद्योगाला, गोदामांना आणि अंतिमतः स्वस्तात घरपोच वस्तू मागवणाऱ्या आपणा सर्वांना सोसावा लागतो. पहिला उपाय लगेच अमलात येतो आणि बाकीचे दहा-दहा वर्षे अभ्यासात राहतात, याचे कारण तेवढ्यातच आहे.

आपल्या हाती असलेले

धोरण बदलेपर्यंत रस्त्यावर उतरणे थांबवता येत नाही. म्हणून काही गोष्टी घरातल्या नव्याने शिकणाऱ्या मुलाला, नुकत्याच आलेल्या विद्यार्थ्याला आणि स्वतःलाही सांगायला हव्यात.

ट्रकला ओलांडायचे असेल तर डावीकडून आणि न रेंगाळता ओलांडावे. त्याच्या शेजारी समांतर चालत राहू नये. आरशात ट्रकचालकाचा चेहरा आपल्याला दिसत नसेल, तर आपण त्याला दिसत नाही असे धरून चालावे. ओलांडल्यावर संपूर्ण ट्रक आपल्या आतल्या आरशात दिसेपर्यंत त्याच्या पुढे येऊ नये आणि पुढे आल्यावर लगेच वेग कमी करू नये. जोडरस्त्यावरून महामार्गावर येताना ट्रक आपल्यासाठी थांबेल अशी अपेक्षा ठेवू नये; त्याच्या मागे जाणे बहुधा सोपे असते. ट्रकच्या अगदी मागे चालल्याने पुढचे काहीच दिसत नाही आणि त्याने ब्रेक दाबल्यास आपली काच त्याच्या ट्रेलरच्या कडेशी येते. लांब उतारावर ट्रकच्या पुढे राहणे टाळावे आणि बचाव-चढणीच्या तोंडाशी कधीही गाडी उभी करू नये. मोटारीत स्वयंचलित यंत्रणा असली तरी आडवा ट्रेलर ओळखण्याचे काम आपल्या डोळ्यांचेच आहे.

नागरिक किंवा मतदार म्हणूनही एक काम उरते. ट्रेलरखाली शिरणाऱ्या मोटारींबाबतचे ‘स्टॉप अंडरराइड्स’ विधेयक काँग्रेसमध्ये वारंवार मांडले गेले आहे आणि वारंवार पडून राहिले आहे. आपल्या मतदारसंघातील लोकप्रतिनिधीची त्याविषयी भूमिका काय, हे एका पत्राने विचारता येते. फोर्ट पिअर्सनंतर भारतीय समाजाने आपल्या प्रतिमेची चिंता केली, ती स्वाभाविक होती. त्या चिंतेपैकी थोडी ट्रेलरच्या उघड्या बाजूच्या वाट्याला आली, तर पुढच्या वेळी ट्रक कोणीही चालवत असला तरी मोटारीतल्या माणसांना वाचण्याची थोडी अधिक संधी राहील.